सिम रेसिंग

सिम रेसिंग म्हणजे प्रत्यक्ष मोटारशर्यतीचे नियम व गाडीचे गतिशास्त्र यांचे शक्य तितके अचूक अनुकरण करून संगणकावर किंवा गेमिंग कन्सोलवर खेळली जाणारी शर्यत होय. 'सिम' हे 'सिम्युलेटर' या शब्दाचे लघुरूप आहे. करमणुकीच्या साध्या मोटारखेळांत गाडी भिंतीवर आदळली तरी धावत राहते; सिम रेसिंगमध्ये टायरची पकड, इंधनाचे वजन, ब्रेकचे तापमान व टायरची झीज यांचा हिशेब ठेवला जातो. इंटरनेटद्वारे अनेक स्पर्धक एकाच वेळी एका ट्रॅकवर उतरतात आणि ठरावीक वेळापत्रक, गुणपद्धती व पंच असलेल्या स्पर्धांना 'लीग' असे म्हणतात. देशातील प्रमुख शर्यतींचे ट्रॅक दूर असल्यामुळे पिंपरी-चिंचवड व चाकणसारख्या वाहननिर्मितीच्या प्रदेशात या खेळाला वेगळे महत्त्व आहे.

इतिहास

१९८९ साली पॅपिरस या अमेरिकन संस्थेने तयार केलेला 'इंडियानापोलिस ५०० : द सिम्युलेशन' हा या प्रकारातील आरंभीचा महत्त्वाचा खेळ मानला जातो. पॅपिरसचे एक संस्थापक डेव्ह केमर यांनी पुढे 'आयरेसिंग' या सेवेची स्थापना केली. २००८ साली सुरू झालेल्या या सेवेत लेसर किरणांनी मोजलेले ट्रॅक वापरले जातात; त्यामुळे डांबरावरील लहानसहान उंचवटेही हाताला जाणवतात. 'अॅसेटो कोर्सा' व 'ग्रॅन टुरिस्मो' हे या क्षेत्रातील इतर प्रसिद्ध खेळ होत.

निसान व सोनी यांच्या 'जीटी अकॅडमी' या उपक्रमातून खेळाडूंना प्रत्यक्ष शर्यतीत उतरण्याची संधी मिळाली. २०११ सालचा विजेता यान मार्डेनबरो याने २०१३ साली ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या संघासह एलएमपी२ गटात तिसरे स्थान मिळवले. २०२० साली कोविड साथीमुळे प्रत्यक्ष शर्यती थांबल्या, तेव्हा फॉर्म्युला वनच्या चालकांसह अनेक व्यावसायिक चालक आभासी शर्यतींत सहभागी झाले. त्याच वर्षी १३ व १४ जून रोजी ल मान्सची २४ तासांची शर्यतही आभासी स्वरूपात पार पडली.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा

पिंपरी येथील टेल्को (आजची टाटा मोटर्स) व आकुर्डी येथील बजाज ऑटो यांच्यामुळे हा परिसर वाहननिर्मितीचे केंद्र बनला. १९९८ साली सादर झालेली 'इंडिका' ही मोटार येथेच तयार होत असे. २००९ साली चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. तेथे तयार होणाऱ्या 'पोलो' गाडीवर आधारित 'पोलो कप' ही शर्यतमालिका कंपनीने २०१० पासून भरवली.

मोटारी येथे तयार होत असल्या, तरी शर्यतींचे प्रमुख ट्रॅक मात्र दूरच राहिले. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूर येथील कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट ही तिन्ही ठिकाणे पुण्याहून रस्त्याने हजार किलोमीटरांपेक्षा अधिक अंतरावर आहेत. शर्यतीची गाडी, टायर, प्रवास व परवाना यांचा खर्चही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो. अलीकडच्या काळात तळेगाव दाभाडेजवळील नानोली येथे एक ट्रॅक उभा राहिला आहे.

२०२० साली टाळेबंदीच्या काळात फोक्सवॅगनच्या भारतातील शर्यत विभागाने आभासी शर्यतींची स्पर्धा जाहीर केली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांतही शर्यतीच्या गाड्यांविषयी आस्था आहे. निगडी येथील पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचा 'टीम क्रॅटोस' हा संघ फॉर्म्युला पद्धतीची गाडी स्वतः तयार करतो. भारतातील मोटारक्रीडेचे नियमन 'एफएमएससीआय' ही संस्था करते. ती 'एफआयए' या जागतिक संघटनेशी संलग्न आहे.

स्टेअरिंगची जुळवणी

स्टेअरिंग, पेडल व आसन यांच्या संचाला 'रिग' म्हणतात. स्टेअरिंगमधील मोटर टायरवरील बलाची जाणीव चालकाच्या हातांना करून देते. यास 'फोर्स फीडबॅक' असे नाव आहे. मोटरचे बल दातेरी चक्रांद्वारे, पट्ट्याद्वारे किंवा थेट दांड्याद्वारे पोहोचवले जाते. शेवटचा प्रकार, म्हणजे 'डायरेक्ट ड्राइव्ह', अधिक अचूक व महाग असतो. जुळवणी करताना पुढील बाबी पाहिल्या जातात :

फिरण्याचा कोन : साधी मोटार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवण्यास सुमारे ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे लागतात, फॉर्म्युला गाडीस ३६० अंश किंवा त्याहून कमी पुरतात. पडद्यावरील स्टेअरिंग व हातातील स्टेअरिंग सारखेच फिरले पाहिजे.

बलाची पातळी : बल कमाल ठेवणे म्हणजे उत्तम जुळवणी, असा नवशिक्यांचा समज असतो. मोटरच्या क्षमतेपेक्षा मोठा संकेत आल्यास त्याचा वरचा भाग कापला जातो. यास 'क्लिपिंग' म्हणतात. अशा वेळी मोठे बल व त्याहून मोठे बल हातांना सारखेच जाणवते आणि पकड सुटत असल्याची सूचना मिळत नाही. म्हणून बल थोडे कमी ठेवणे हितकारक असते.

ब्रेक : 'लोड सेल' असलेले ब्रेक पेडल किती खाली गेले याऐवजी त्यावर किती दाब पडला हे मोजते. पाय दाब अधिक चांगला लक्षात ठेवत असल्याने ब्रेक लावण्यात सातत्य येते.

दृष्टिकोन : पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा कोन पडद्याची रुंदी व डोळ्यांपासूनचे अंतर यांवरून ठरतो. २७ इंची पडदा सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो. तो ६० सेंटिमीटर अंतरावर असल्यास योग्य कोन सुमारे ५३ अंश येतो. ९० सेंटिमीटरवर तो ३७ अंश होतो. कोन अवाजवी मोठा ठेवल्यास वळणे प्रत्यक्षापेक्षा दूर भासतात व ब्रेकचा अंदाज चुकतो.

ट्रॅकची सीमा

एफआयएच्या नियमांनुसार ट्रॅकची सीमा पांढऱ्या रेषांनी ठरते. रेषा ट्रॅकचा भाग मानल्या जातात, त्यांच्या पलीकडील रंगीत कर्ब मानले जात नाहीत. गाडीचा कोणताही भाग ट्रॅकच्या संपर्कात न राहिल्यास ती ट्रॅकबाहेर गेली असे समजतात. म्हणजेच एक चाक रेषेवर असेपर्यंत गाडी नियमात असते.

प्रत्यक्ष शर्यतीत हा निर्णय देणे सोपे नाही. २०२३ सालच्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीमध्ये सीमाभंगाची १,२०० हून अधिक संभाव्य प्रकरणे समोर आली आणि शर्यत संपल्यानंतर आठ चालकांना वेळेचा दंड झाला. सिम रेसिंगमध्ये संगणकास प्रत्येक चाकाचे स्थान ठाऊक असल्याने नोंद तत्काळ होते. सरावात व पात्रता फेरीत तो फेरा बाद ठरतो; शर्यतीत आधी इशारा व नंतर दंड मिळतो. आयरेसिंगमध्ये ट्रॅकबाहेर गेल्यास एक आणि गाडीवरील ताबा सुटल्यास दोन 'घटना-गुण' नोंदले जातात. हे गुण वाढल्यास खेळाडूची सुरक्षितता-श्रेणी घसरते.

या नियमाचे महत्त्व आभासी शर्यतीत अधिक आहे. खऱ्या ट्रॅकवर रेषेपलीकडची खडी, गवत किंवा भिंत चालकास आवरते. गाडीचा खर्च व जिवाचे भय असते. आभासी ट्रॅकवर हा खर्च व हे भय नसते. वळण रुंद घेऊन वेळ वाचवण्याचा मोह रोखणारी मुख्य गोष्ट म्हणजे नियम. तो सैल झाल्यास रेषेच्या आत राहणाऱ्या चालकाचे कौशल्य निरर्थक ठरते.

लीगचे कामकाज

धक्का देणे, मार्ग अडवणे किंवा ट्रॅकबाहेरून धोकादायक रीतीने परतणे यांचा निर्णय संगणकावर सोडता येत नाही. अशा तक्रारींवर लीगचे पंच शर्यतीचे पुनर्दर्शन पाहून निर्णय देतात. इंटरनेटचा विलंब हाही महत्त्वाचा घटक आहे : ताशी १८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला ५० मीटर जाते, म्हणून ०.१ सेकंदाच्या विलंबात तिचे स्थान ५ मीटरने बदलते. याच कारणास्तव वायफायऐवजी तारेची जोडणी वापरण्याचा सल्ला दिला जातो.

मर्यादा व वाद

स्पर्धकाची ओळख पडताळणे ही या खेळातील कायमची अडचण आहे. मे २०२० मध्ये फॉर्म्युला ईच्या आभासी शर्यतीत जर्मन चालक डॅनियल आब्ट याच्या जागी दुसऱ्याच व्यक्तीने गाडी चालवल्याचे उघड झाले. त्यानंतर आब्टला बाद करण्यात आले आणि आउडीने त्यास निलंबित केले.

शरीरावर येणारे वेगाचे बल, उष्णता व अपघाताचे भय यांचा अनुभव घरगुती सिम्युलेटर देऊ शकत नाही. ट्रॅकची ओळख, ब्रेकची जागा, नियमांची सवय व दीर्घकाळ एकाग्रता या गोष्टी मात्र त्यावर शिकता येतात. शर्यतीच्या वेगाची ही सवय सार्वजनिक रस्त्यावर लागू पडत नाही. तेथे समोरचा वाहनचालक कोणत्याही शर्यतीत सहभागी झालेला नसतो.