फिल्मचा ‘पांढरा’ कोण ठरवतं?

जुने रंगीत फोटो किंवा सिनेमे पुरावा म्हणून वापरणार असाल, तर आधी एक प्रश्न विचारा: ही फिल्म कोणत्या उजेडासाठी बनवली होती?

आपला डोळा जुळवून घेतो. दिव्याखालचा कागद आणि उन्हातला कागद, दोन्ही त्याला पांढरेच दिसतात. फिल्मला हे जमत नाही. तिचा ‘पांढरा’ कारखान्यातच ठरतो. डेलाइट फिल्म साधारण 5500 केल्विनच्या उजेडाला जुळवलेली असते, तर टंगस्टन फिल्म 3200 केल्विनच्या स्टुडिओ दिव्यांना. अदलाबदल झाली की पहिलीवर दिव्याखाली नारिंगी झाक येते, दुसरीवर उन्हात निळी.

आता इतिहास बघा. 1950 साली कोडॅकने ईस्टमन कलर निगेटिव्ह ही सिनेमाची फिल्म आणली, ती डेलाइट होती. दोनच वर्षांनी आलेली पुढची फिल्म मात्र टंगस्टन. असं का?

थोडं गणित करू. 10 लाखांना केल्विनच्या आकड्याने भागलं की मायर्ड मिळतात. 5500 चे सुमारे 182, 3200 चे 313, फरक 131. हा फरक फिल्टरने भरून काढता येतो. टंगस्टन फिल्म उन्हात वापरायची तर नारिंगी ‘85बी’ फिल्टर, डेलाइट फिल्म दिव्याखाली वापरायची तर निळा ‘80ए’. दोन्हींचं माप तेच, 131. दिशा फक्त उलट. पण किंमत सारखी नाही! नारिंगी फिल्टर दोन-तृतीयांश स्टॉप उजेड खातो, निळा तब्बल दोन स्टॉप. म्हणजे चौथा हिस्साच उजेड फिल्मपर्यंत पोचतो. त्या काळच्या मंद फिल्मवर स्टुडिओत हे परवडणारं नव्हतं. उन्हात उजेड फुकट, तिथे थोडा गेला तरी चालतो. म्हणून फिल्म दिव्याला जुळवायची आणि फिल्टर बाहेर लावायचा, हा हिशोब सोयीचा ठरला.

थोडक्यात, फिल्मचा ‘पांढरा’ हा निसर्गाचा नियम नाही, उजेडाच्या खर्चाचा निर्णय आहे. त्यामुळे जुन्या चित्रातली पिवळट झाक बघून ‘खोलीत दिवे होते’ असं लगेच लिहू नका. ती फिल्मच्या निवडीमुळे असेल, फिल्टरमुळे असेल किंवा रंगद्रव्यं उडाल्यामुळेही. नोंदवहीत तीन रकाने करा: फिल्मचा प्रकार, उजेड, फिल्टर. आणि स्कॅन करताना रंग ‘सुधारले’ होते का, हे अभिलेखागारात नक्की विचारा. मिळालेलं उत्तर तळटीपेत गेलंच पाहिजे.