मेराल्जिया पॅरेस्थेटिका : दबलेली नस आणि इंजेक्शनचा उपचार

मेराल्जिया पॅरेस्थेटिका : मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेची संवेदना वाहून नेणारी नस जांघेपाशी दबल्यामुळे होणारा विकार. बराच वेळ उभे राहिले किंवा चालले की मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात आग होते, मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखे वाटते. कधी तो भाग सुन्न पडतो, तर कधी कपडा नुसता घासलेलाही सोसवत नाही. खाली बसले की बहुतेकांना आराम पडतो. जर्मनीत हागर यांनी 1885 मध्ये याचे वर्णन केले. 1895 मध्ये बर्लिनचे मार्टिन बर्नहार्ट आणि मॉस्कोचे व्लादिमिर रोट यांनी तो स्वतंत्र विकार म्हणून मांडला. त्याच वर्षी सिग्मंड फ्रॉइड यांनीही या विकारावर टिपण लिहिले. त्यांना स्वतःलाच तो होता, आणि पुढे मनोविश्लेषणाचा जनक ठरलेल्या या माणसाने मांडीतल्या आगीचे वर्णन चोख मज्जाविकारतज्ज्ञाच्या नजरेने केले आहे. या विकारावर जांघेत इंजेक्शन देण्याची पद्धत आज सर्रास आहे आणि ते घेतले की दुखणे संपते असा समज आहे. पुरावा नीट वाचला तर इंजेक्शनची जागा जरा वेगळी दिसते. ते निदान पक्के करते आणि वेदना कमी करून रुग्णाला वेळ मिळवून देते. नस ज्यामुळे दबली ते कारण मात्र जागेवरच राहते.

ही नस, म्हणजे लॅटरल फेमोरल क्युटेनियस नर्व्ह, कमरेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यांच्या मुळांपासून निघते. ओटीपोटाच्या आतून ती कमरेच्या हाडाच्या पुढे आलेल्या टोकाकडे येते, जांघेतल्या अस्थिबंधाखालून वळण घेऊन बाहेर पडते आणि मांडीच्या त्वचेत पसरते. नेमकी या वळणावर ती चिमटते. तिचा मार्ग सर्वांत सारखा नसतो. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदनाच्या अभ्यासात तिचे पाच प्रकारचे मार्ग नोंदवले गेले. कुणात ती टोकाच्या आतल्या बाजूने जाते, कुणात टोकाला अगदी लागून, तर सुमारे चार टक्क्यांत टोकाच्या मागून, कमरेच्या हाडावरूनच उतरते. अशा उथळ मार्गावर पट्ट्याचा दाब थेट पडतो. सुटलेले पोट, गर्भारपण, मधुमेह, पोलिसांचा किंवा जवानांचा जड कमरपट्टा, कमरेखाली घट्ट बसणारी जीन्स, पालथे झोपवून केलेली मणक्याची लांबलेली शस्त्रक्रिया ही नेहमीची कारणे. परकराची नाडी त्या टोकावरच करकचून बसत असेल तर तिच्याकडेही संशयाने पाहायला हरकत नाही. ही नस स्नायूंना काहीही पुरवत नाही, ती केवळ संवेदनेची आहे. म्हणून चालताना गुडघा अचानक दुमडणे, पाय उचलता न येणे किंवा गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावणे ही लक्षणे असतील तर दोष दुसरीकडे, बहुधा मणक्यात किंवा मांडीच्या मुख्य नसेत, शोधावा लागतो.

इंजेक्शनचा पहिला उपयोग इथेच होतो. मांडी दुखते म्हटल्यावर आपल्याकडे ‘सायटिका’ आणि ‘मणक्यात गॅप’ ही दोन उत्तरे तयार असतात, आणि कमरेचा एमआरआय केला तर चाळिशीनंतर त्यात काही ना काही सापडतेच. अशा वेळी नसेभोवती थोडे भुलीचे औषध सोडले आणि अर्ध्या तासात त्या ठरावीक भागाची आग थांबली, तर दुखण्याचे मूळ मणक्यात नसून जांघेत आहे हे दिसते. त्याआधी करून पाहण्याजोगी एक बिनसुईची तपासणीही आहे. रुग्णाला दुखरी बाजू वर ठेवून कुशीवर झोपवायचे आणि कमरेचे हाड तळहाताने सुमारे 45 सेकंद खाली दाबून धरायचे. अस्थिबंध सैल पडून त्रास ओसरला तर विकार हाच असण्याची शक्यता मोठी. भुलीची परीक्षाही निर्दोष नाही. औषध जास्त भरले तर ते शेजारच्या नसांपर्यंत पसरते आणि उत्तर फसवे येते. म्हणून निदानासाठी थोडेसेच औषध, पण नेमक्या जागी, हा नियम.

नेमकी जागा हीच या उपचाराची खरी कसोटी. हाडाच्या टोकापासून बोटभर आत मोजून अंदाजाने सुई टोचण्याची पद्धत जुनी आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृतदेहांवर ही रीत आणि सोनोग्राफीत पाहून सुई घालण्याची रीत ताडून पाहिल्या. अंदाजाने घातलेली सुई 19 पैकी एकदाच नसेपाशी पोहोचली, सोनोग्राफीच्या आधाराने 16 वेळा. नसेचे मार्ग पाच असतील तर यात नवल नाही. सोनोग्राफी म्हणजे बिल वाढवण्याचे निमित्त, अशी शंका काहीजण घेतात. या एका आकड्यापुढे ती टिकत नाही. उलट अंदाजाने दिलेले इंजेक्शन ‘लागू पडले नाही’ म्हणून निदानच चुकीचे ठरवणे हे जास्त महागात पडते. प्रत्यक्ष कृती छोटी आहे. रुग्ण उताणा, जांघेची त्वचा निर्जंतुक केलेली, सोनोग्राफी यंत्राचा लांबट प्रोब अस्थिबंधाला समांतर. पडद्यावर सार्टोरियस स्नायूच्या वर किंवा कडेला नसेचा लहानसा ठिपका दिसतो. सुई त्याच्या बाजूला आणून लिडोकेन किंवा बुपिवाकेन आणि त्यात मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा ट्रायामसिनोलोनसारखे स्टेरॉइड सोडतात. द्रव नसेभोवती कड्यासारखा पसरला की काम झाले. भुलीचा परिणाम काही तासांचा. स्टेरॉइडचा जाणवायला काही दिवस लागतात. ते नसेभोवतीची सूज उतरवते आणि दुखावलेल्या तंतूंतून आपोआप उठणारे विद्युतसंदेशही मंदावते. सूज दिसत नसेल तर स्टेरॉइड कशाला, या प्रश्नाचे उत्तर या दुसऱ्या गुणात आहे.

आता गुण किती येतो ते पाहू. कॉक्रेन संस्थेच्या 2012 च्या आढाव्याला या विकाराच्या कोणत्याही उपचाराची यादृच्छिक चाचणी सापडली नाही. निरीक्षणात्मक अभ्यासांत इंजेक्शनने 83 टक्के रुग्ण बरे झाले किंवा सुधारले, नस मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेने 88 टक्के, नस कापून टाकल्याने 94 टक्के. याच आढाव्यात आणखी एक आकडा आहे आणि तो सहसा उद्धृत होत नाही. काहीच विशेष न करता 29 पैकी 20 जण, म्हणजे 69 टक्के, आपोआप सुधारले. 83 आणि 69 शेजारी ठेवले की इंजेक्शनचे श्रेय बरेच आक्रसते. यावर आक्षेप असा येतो की सुईपर्यंत येणारे रुग्ण वजन, पट्टा, गोळ्या सारे करून थकलेले, म्हणजे अधिक चिवट आजाराचे असतात. त्यांची तुलना आपोआप बरे होणाऱ्यांशी कशी करायची? आक्षेप रास्त आहे. पण तो दोन्हीकडे लागू होतो: तुलनेचा गटच नसेल तर इंजेक्शनची बाजूही सिद्ध होत नाही. 2011 च्या एका इटालियन अभ्यासात सोनोग्राफीने इंजेक्शन दिलेल्या 20 पैकी 16 जणांना पहिल्या सुईनेच गुण आला, उरलेल्या चौघांना दुसरी लागली. तुलनेचा गट तिथेही नव्हता. 2020 मध्ये तुर्कस्तानातून आलेल्या लहान यादृच्छिक चाचणीचा कौल इंजेक्शनच्या बाजूने गेला, तरी त्यातला पाठपुरावा महिनाभराचाच होता. आजचा न्याय्य निष्कर्ष एवढाच निघतो की इंजेक्शन थोड्या काळासाठी गुणकारी आहे. दीर्घकाळाचे श्रेय त्याचे, निसर्गाचे की सोडलेल्या पट्ट्याचे, हे सांगता येत नाही.

मग आपोआप बरे होणार असेल तर सुई टोचायचीच कशाला? कारण ‘आपोआप’ म्हणजे अनेकदा कित्येक महिने असतात, आणि रात्री पांघरूण मांडीला लागून झोप मोडणाऱ्याला टक्केवारी सांगून चालत नाही. चालणे बंद झाले की वजन वाढते, वजन वाढले की नस आणखी दबते. हे चक्र तोडायला काही आठवड्यांचा आराम पुष्कळ उपयोगी पडतो. 94 टक्क्यांचा गुण देणारी शस्त्रक्रिया थेट का करू नये, यालाही उत्तर आहे. नस कापली की मांडीचा तो पट्टा कायमचा बधिर होतो, आणि आपोआप मिटू शकणाऱ्या दुखण्यासाठी ती किंमत आधीच मोजण्यात अर्थ नाही. दोन-तीन नेमक्या इंजेक्शनांनंतरही त्रास तसाच राहिला, तरच ती वाट धरावी.

धोके थोडे असले तरी खरे आहेत. औषध मांडीच्या मुख्य नसेपर्यंत झिरपले तर काही तास पाय लटपटतो. त्या दिवशी गाडी चालवू नये, जिना आधाराने उतरावा. स्टेरॉइडने मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते, म्हणून ती घरी रोज तपासावी. टोचल्या जागी त्वचा पांढुरकी पडू शकते किंवा खालची चरबी झिजून खळगा पडतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. पट्टा सैल न करता, वजनाकडे न बघता आणि पोटातल्या गाठीसारखे कारण नाही याची खात्री न करता जो सुईमागून सुई घेत राहतो, त्याने तिसऱ्या सुईआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा : माझी नस नेमकी कशामुळे दबली आहे?