तांदळावरची बुरशी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि यकृताचा कर्करोग

#इतिहास #थ्रेड

१/
२००१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये जपानी डॉक्टरांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. यकृताच्या ज्या कर्करोगावर शस्त्रक्रिया शक्य नव्हती, अशा रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत कोलेस्टेरॉल कमी करणारी साधी गोळी दिली गेली आणि ते दुप्पट काळ जगले, असा त्याचा निष्कर्ष होता. ही गोळी आली कोठून आणि या निष्कर्षाचे पुढे काय झाले, त्याचा हा इतिहास.

२/
कथेचा आरंभ बुरशीपासून होतो. अकिरा एंडो हे अकिता प्रांतातील शेतकरी कुटुंबात जन्मलेले जपानी शास्त्रज्ञ. फ्लेमिंगच्या पेनिसिलिनने ते भारावले होते. बुरशी जर जिवाणूंना रोखणारे द्रव्य बनवते, तर शरीरातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्यही ती बनवत असेल, असा त्यांचा तर्क होता.

३/
सान्क्यो या औषध कंपनीत १९७१ पासून त्यांनी सहा हजारांहून अधिक सूक्ष्मजीव तपासले. अखेर क्योतो येथील धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत ते द्रव्य सापडले. साल होते १९७३. पुढे त्याला ‘कॉम्पॅक्टिन’ हे नाव मिळाले. जगातील पहिले स्टॅटिन ते हेच.

४/
१९७८ मध्ये ओसाका विद्यापीठाच्या रुग्णालयात आनुवंशिक कोलेस्टेरॉल-विकार असलेल्या एका तरुणीला ते प्रथम देण्यात आले. परंतु १९८० मध्ये कंपनीने काम थांबवले. मोठ्या मात्रा दिलेल्या कुत्र्यांच्या आतड्यांत कर्करोगासारखे बदल दिसल्याचा संशय होता. ज्या औषधाच्या वंशजाला पुढे कर्करोगाविरुद्ध उभे केले गेले, त्याचा पूर्वज कर्करोगाच्या संशयानेच बाद झाला होता.

५/
योगायोग असा की वंशजही कुत्र्यांमुळेच हाती लागला. कॉम्पॅक्टिन दिलेल्या कुत्र्यांच्या मूत्रात त्याचे एक रूपांतरित द्रव्य आढळले. तेच ‘प्रावास्टॅटिन’. १९८९ मध्ये ते जपानच्या बाजारात आले आणि लवकरच हृदयविकार टाळण्यासाठीची नित्याची गोळी बनले.

६/
मग कर्करोगाशी त्याचा संबंध कसा जुळला? स्टॅटिन ज्या रासायनिक साखळीची पहिली महत्त्वाची कडी अडवते, त्या साखळीतून केवळ कोलेस्टेरॉल तयार होत नाही. पेशीला ‘वाढ’ असा संकेत देणाऱ्या ‘रास’सारख्या प्रथिनांना पेशीच्या आवरणाला चिकटवणारे रेणूही तेथेच घडतात. साखळी तोडली, तर गाठीची वाढ मंदावेल, अशी अटकळ होती. शिवाय हे औषध मुख्यतः यकृतातच शोषले जाते.

७/
त्या काळी यकृताच्या पुढे गेलेल्या कर्करोगावर उपाय तोकडे होते. गाठीला रक्त मुख्यतः यकृताच्या धमनीतून मिळते, तर निरोगी यकृताला बहुतांशी प्रवेशिनी शिरेतून. म्हणून धमनीचा फाटा बंद करून गाठीची उपासमार करीत. जोडीला १९५७ पासून ज्ञात असलेले ५-फ्लुओरोयुरॅसिल हे केमोथेरपीचे औषध तोंडावाटे देत.

८/
कावाता आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात नेमके हेच उपचार आधी सर्वांना दिले आणि नंतर चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने ८३ रुग्णांचे दोन गट केले. ४१ जणांना रोज प्रावास्टॅटिन, उरलेल्या ४२ जणांना नाही. मध्यक आयुर्मान गोळी न घेतलेल्यांत ९ महिने, घेतलेल्यांत १८ महिने.

९/
या आकड्याने आशा का जागवली, हे कळण्यासाठी पैशाचाही इतिहास पाहावा लागतो. २००८ मध्ये ६०२ रुग्णांवरील चाचणीत सोराफेनिब या नव्या औषधाने मध्यक आयुर्मान ७.९ वरून १०.७ महिन्यांवर नेल्याचे सिद्ध झाले. लाभ खरा होता. पण भारतात एका महिन्याची किंमत होती सुमारे २ लाख ८० हजार रुपये.

१०/
याच औषधासाठी मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून भारतातील पहिला सक्तीचा परवाना निघाला. हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते महिन्याला ८,८८० रुपयांना विकण्याची मुभा मिळाली. जुनी, पेटंटमुक्त, स्वस्त गोळी जर आयुष्य वाढवू शकत असेल, तर तिचे मोल काय असेल, हे या दोन आकड्यांमधील दरीवरून उमगते.

११/
म्हणूनच फ्रान्समध्ये २०१० साली मोठी चाचणी सुरू झाली. ३२३ रुग्ण, निम्म्यांना केवळ सोराफेनिब, निम्म्यांना सोराफेनिबसोबत प्रावास्टॅटिन. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. मध्यक आयुर्मान एका गटात १०.५ महिने, गोळीच्या गटात १०.७ महिने. म्हणजे फरक नाहीच.

१२/
मग जपानी डॉक्टर चुकले होते का? तसे म्हणणे घाईचे ठरेल. दोन चाचण्यांतील रुग्ण वेगळे, सोबतचे उपचार वेगळे, काळही वेगळा. तथापि ८३ जणांच्या चाचणीत योगायोगाला वाव अधिक असतो. थोडे रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी आकडा हलतो. इतिहासाचा विद्यार्थी एकाच बखरीवर विसंबत नाही. वैद्यकालाही दुसरा, मोठा पुरावा मागावा लागतो.

१३/
या शोधात आणखी एक अडचण दडलेली आहे. पेटंट संपलेल्या गोळीतून नफा नाही, त्यामुळे तिच्यावर मोठी चाचणी करण्यात कंपन्यांना फारसे स्वारस्य नसते. असे प्रश्न सरकारी वा विद्यापीठीय निधीची वाट पाहतात. पहिल्या निष्कर्षापासून फ्रान्सच्या निकालापर्यंत १८ वर्षे गेली.

१४/
दरम्यान उपचारांची दिशाच पालटली. २०२० पासून रोगप्रतिकारशक्तीला जागवणाऱ्या औषधांच्या जोड्या पुढे आल्या. एंडो २०२४ मध्ये निवर्तले. त्यांच्या बुरशीने असंख्य हृदये वाचवली. यकृताच्या कर्करोगाबाबत मात्र तिच्या नावे आज दोनच नोंदी ठळक आहेत: १८ विरुद्ध ९ आणि १०.७ विरुद्ध १०.५. कोणी केवळ पहिली नोंद दाखवली, तर दुसरी जरूर विचारावी.

(समाप्त)