गाडीखाली स्फोट झाला तर आतल्या सैनिकाचं काय होतं? हे सांगणारा डमी कसा बनला?

कार भिंतीवर आदळते, आतला पुतळा एअरबॅगवर जाऊन आपटतो. क्रॅश टेस्टचे असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. अमेरिकन लष्कर बरीच वर्षं असेच डमी चिलखती गाड्यांत बसवून गाडीखाली स्फोट घडवायचं. अडचण तिथेच होती.

'हायब्रिड थ्री' हा डमी जनरल मोटर्सनं १९७० च्या दशकात बनवला, तोही समोरून होणाऱ्या धडकेसाठी. इराक आणि अफगाणिस्तानात मात्र रस्त्यात पुरलेले बॉम्ब गाडीखाली फुटत होते. अशा वेळी गाडीचा तळ काही मिलिसेकंदांत वर उसळतो आणि मार टाच, नडगी, कंबर, मणका असा वर चढत जातो. हायब्रिड थ्रीचे पाय माणसाच्या पायांपेक्षा फारच ताठ. त्यामुळे खऱ्या पायावर येईल त्याहून जास्त जोर तो नोंदवायचा. चुकीच्या आकड्यावर गाडी सुधारायची तरी कशी?

म्हणून लष्करानं 'वॉरियर इंज्युरी असेसमेंट मॅनिकिन' हा नवा डमी तयार करून घेतला. त्याच्या अंगात शंभराहून जास्त सेन्सर आहेत. गंमत म्हणजे तो मोडत नाही, मोडायला नकोच असतो. सेन्सरच्या आकड्यावरून माणसाचं हाड मोडण्याची शक्यता किती, ते काढलं जातं.

पण हाड किती जोरावर मोडतं, हे आधी कळलं कसं?

मृतदेहांवरून. संशोधनासाठी दान केलेल्या देहांना तसाच झटका देऊन कुठलं हाड मोडलं ते तपासतात, मग डमीचे आकडे त्याच्याशी जुळवतात. आपल्याकडे देहदान म्हटलं की मेडिकल कॉलेजच डोळ्यांसमोर येतं, स्फोट नाही. तिकडच्या कुटुंबांनाही तसंच वाटलं होतं. ॲरिझोनातल्या एका खासगी कंपनीकडून आलेले २० हून जास्त देह संमतीशिवाय लष्कराच्या स्फोट चाचण्यांत वापरले गेले, असं रॉयटर्सनं २०१६ मध्ये उघड केलं. दात्यांची संमतीपत्रं आपल्याकडे आलीच नव्हती, कंपनीच्या शब्दावर विसंबलो, असं लष्कराचं म्हणणं होतं.

आणखी एक गोष्ट. हा डमी मध्यम बांध्याच्या पुरुष सैनिकाचा आहे. स्त्रीच्या कमरेच्या हाडांची ठेवणच वेगळी असते, त्यामुळे हाच डमी लहान करून तिच्यासाठी चालत नाही. तिच्यासाठी मोजमापं पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागतात.