सावकारी पाश : शेतकऱ्याच्या शोकांतिकेवरचा मराठी मूकपट

कर्जापायी जमीन गेलेला शेतकरी भारतीय पडद्यावर १९२५ सालीच आला होता. चित्रपटाचं नाव 'सावकारी पाश', आणि तो मूकपट होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळसारख्या कापूस-सोयाबीनच्या गावात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

चित्रपट कुणी काढला?

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने. दिग्दर्शक बाबूराव पेंटर. त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ते सिनेमाकडे वळले. मूकपटांच्या काळात पौराणिक आणि ऐतिहासिक कथांची चलती होती. पेंटरांनी मात्र इथे आपल्याच काळातला शेतकरी निवडला.

कथा कुणाची?

नारायण हरी आपटे यांची (१८८९–१९७१). 'पण लक्षात कोण घेतो' लिहिणारे हरी नारायण आपटे वेगळे. नावांच्या उलटापालटीमुळे दोघांची कायम गल्लत होते. प्रभातचा गाजलेला 'कुंकू' (१९३७) हादेखील नारायण हरींच्याच कादंबरीवरचा.

गोष्ट काय आहे?

एक तरुण शेतकरी सावकाराच्या जाळ्यात अडकतो. जमीन जाते. गाव सोडून तो शहरात येतो आणि गिरणी कामगार होतो. ही भूमिका केली होती व्ही. शांताराम यांनी. पुढे १९२९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत प्रभात फिल्म कंपनी उभी केली.

संवाद नसताना कथा कळायची कशी?

पडद्यावर मधेमधे मजकुराच्या पाट्या येत. पण सगळे प्रेक्षक वाचणारे नसत, त्यामुळे खरा भार चेहरे, हालचाली आणि प्रकाशावर असे. या चित्रपटातली अंधुक उजेडातली झोपडी आणि तिथे रडणारं कुत्रं, एवढ्या एका दृश्याची आठवण जाणकारांनी पुढे अनेक वर्षं सांगितली.

आज पाहता येईल का?

नाही. मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळातली नायट्रेटची फिल्म चटकन पेट घ्यायची, हवेने खराब व्हायची. तिच्यातली चांदी काढण्यासाठीही रिळं नष्ट केली गेली. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, तोवर बहुतेक भारतीय मूकपट हातचे गेले होते. पेंटरांनी १९३६ मध्ये हीच कथा बोलपट म्हणून पुन्हा केली.

गोष्ट जुनी झाली का?

या कथेमागे मोठा इतिहास आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. आज राज्यात महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. अवैध सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर सहकार विभागाच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. चौकशीत ते सिद्ध झालं, तर जमीन परत देण्याचा आदेश निघू शकतो. मात्र त्याला मुदतीची अट आहे, म्हणून तक्रार लांबवू नये.

पडद्यावरच्या शेतकऱ्याकडे हा मार्ग नव्हता. त्याला थेट गिरणीची वाट धरावी लागली.