सातबारा : गावाची व्यवस्था मांडणारी भाषा

१/ करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीच्या शेतकऱ्याला ‘सातबारा’ परका नाही. हे दोन गावनमुन्यांचे क्रमांक : सात म्हणजे अधिकार, बारा म्हणजे पिके.

२/ मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेख सुरू झाला. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते. १९४९ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. आज १९६६ ची महसूल संहिता लागू आहे.

३/ या नमुन्यांत एकच जमीन अनेक बाजूंनी दिसते. सातमध्ये गटानुसार, आठ-अ मध्ये खातेदारानुसार, बारामध्ये पिकानुसार. हक्कातील प्रत्येक बदल मात्र सहामध्ये, फेरफार म्हणून.

४/ संगणक प्रणालींची आरेखनभाषा यूएमएल १९९७ मध्ये प्रमाणित झाली. संपूर्ण संस्थेची रचना मांडणारी आर्किमेट २००९ मध्ये. तत्त्व तेच : ठरलेल्या खुणा, एक वस्तू, अनेक दृश्ये.

५/ अशा भाषेची कसोटी बदलाच्या वेळी लागते. खातेदार वारला, की वारसनोंद सहामध्ये चढते. ती प्रमाणित झाल्याशिवाय सातवरील नाव बदलत नाही. हा दुवा तुटला, की कसणारा एक आणि कागदावर दुसरा. मग पीककर्ज अडते.

६/ घरचा उतारा हाती आला, की त्यावरील जुने फेरफार क्रमांक पाहा. घराण्याचा इतिहास तेथूनच उलगडू लागतो.