पऱ्हाटी आणि बोंडअळी: बुलढाण्याच्या कापसाचा एक इतिहास

फुलपाखरे आणि पतंग खवलेपंखी कीटकांच्या एकाच गणातले. अंडे, अळी, कोष आणि पंखधारी कीटक या चारही अवस्था दोघांत सारख्या. पंख फुटल्यावर थोड्या मधुरसावर भागते. खरे खाणे अळीचे, आणि तिचे खाणे ठरलेले असते. बांधावरच्या रुईवर नारिंगी ‘प्लेन टायगर’ची मादी अंडी घालते, लिंबाच्या कोवळ्या पानांवर ‘लाइम बटरफ्लाय’ची, टाकळ्यावर पिवळसर ‘एमिग्रंट’ फुलपाखरांची पिल्लावळ वाढते. रुईच्या चिकातली कडू द्रव्ये अळी अंगात साठवते, म्हणून पुढे त्या फुलपाखरालाही पक्षी सहसा टाळतात. कोणत्या जमिनीवर कोणती वनस्पती उभी आहे, यावर तिथला कीटक ठरतो. बुलढाणा जिल्ह्यात हे नाते कापसाच्या शेतात सर्वांत महागात पडले.

घाटाखालचा पूर्णेच्या खोऱ्याचा पट्टा, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, हा काळ्या जमिनीचा जुना कापूसमुलूख. 1853 मध्ये हा मुलूख ज्यात येतो तो वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 ते 1865 या अमेरिकेतील यादवीच्या काळात तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. खामगावची बाजारपेठ एवढी वाढली, की तिच्यासाठी जलंबपासून रेल्वेचा स्वतंत्र फाटा काढण्यात आला. तो 1870 मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. ज्वारी-तुरीसोबत पेरला जाणारा देशी कापूस आता दूरदेशीच्या भावावर चालू लागला.

कापसाच्या मागोमाग त्याचा पतंगही होताच. गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन 1843 मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. सॉंडर्स यांनी केले, तेही गुजरातेतील भडोचहून आलेल्या नमुन्यांवरून. पतंग करड्या-तपकिरी रंगाचा, जेमतेम सेंटिमीटरभर. रात्री उडणारा, म्हणून सहसा नजरेस न पडणारा. अळी पातीत किंवा फुलात शिरते. आत अळी असलेल्या फुलाच्या पाकळ्या नीट उमलत नाहीत. अशा फुलाला शेतकरी डोमकळी म्हणतात. पुढच्या पिढ्या बोंडात घुसून सरकी पोखरतात. वरून बोंड निरोगी दिसते, फोडल्यावर कवडी, म्हणजे डागाळलेला, कापूस हाती लागतो. हंगामाच्या शेवटी अळी सरकीत किंवा वाळल्या बोंडात सुप्तावस्थेत जाते आणि महिनोन्‌महिने तग धरते. सरकीच्या व्यापाराने तिला जगभर नेले ते याच सवयीमुळे. 1906-07 च्या सुमारास ती भारतीय सरकीतून इजिप्तला पोहोचली, तिथून मेक्सिकोला, आणि 1917 मध्ये टेक्सासच्या शेतांत दिसली.

विसाव्या शतकात शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे झाड, बदलली. देशी वाणांच्या जागी अमेरिकन जातीचा कापूस आला, आणि 1970 मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी ‘एच-4’ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस तयार केल्यावर लांब मुदतीच्या संकरित वाणांचा काळ सुरू झाला. 1980 नंतर नव्या कीटकनाशकांच्या फवाऱ्यांनी गुलाबी अळी मागे हटली, पण अमेरिकन बोंडअळी माजली. हरभऱ्यावर तिलाच घाटेअळी म्हणतात. फवारण्यांत परोपजीवी गांधीलमाश्याही मेल्या. पतंगाच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणारी ट्रायकोग्रामा ही त्यांतलीच. आज तीच ट्रायकोकार्डवरून विकत आणून शेतात सोडावी लागते.

2002 मध्ये बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारे विष झाडातच तयार करणारे जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली आणि 2006 मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले. दोन्ही अळ्यांना सुरुवातीला आळा बसला. मात्र दोघींच्या खाण्यात मोठा फरक आहे. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा कितीतरी पिकांवर जगते. त्या पिकांवर बीटीचे विष न चाखलेले पतंग तयार होतात, कापसातल्या पतंगांशी त्यांचे मीलन होते आणि प्रतिकारक्षमता पसरायला वेळ लागतो. गुलाबी अळी जवळजवळ फक्त कापसावर जगते. तिच्यासाठी असे बिगरबीटी आश्रयपीक मुद्दाम लावावे लागते. त्यासाठी 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी बियाणे दिले जाई. पुष्कळ शेतांत ते पेरलेच गेले नाही. भरीस फरदड घेण्याची रीत: पाणी देऊन तीच पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली, की अळीला खाद्याचा खंड पडत नाही. पहिल्या जनुकाविरुद्धची प्रतिकारक्षमता गुजरातेत 2010 पर्यंत नोंदली गेली. 2017 च्या हंगामात विदर्भासह राज्यभर बीटी कापूसच पोखरला गेला. दोष फक्त बियाण्याचा म्हणणे अपुरे आहे. एकाच पिकाचे सलग, लांबलेले शेत हे या पतंगाला मिळालेले आमंत्रणच होते.

2018 मध्ये अमेरिकेने आपल्याकडची गुलाबी अळी संपल्याचे जाहीर केले. बीटी वाणांच्या जोडीला कामगंधाचा वापर झाला, वंध्य पतंग सोडले गेले आणि हंगामानंतर पऱ्हाटी नष्ट करण्याचा नियम तिथे कसोशीने पाळला गेला. विदर्भातही आता हंगाम डिसेंबरअखेर संपवणे, फरदड टाळणे, शेतात व जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावणे यावर भर आहे. घाटावर, चिखली-मेहकरकडे, सोयाबीन पसरले आहे. तिथे उंटअळी आणि तंबाखूवरची पाने खाणारी अळी यांच्याशी गाठ आहे, आणि त्या दोन्ही पतंगांच्याच अळ्या.